घरचा फराळ, बाहेरचं गिऱ्हाईक

(डोंबिवलीत ऑक्टोबर 2024 मध्ये, घरून फराळ विकणाऱ्या महिलांसमोर केलेलं भाषण; थोडं संपादित.)

मघाशी दारातच एका ताईंनी मला गाठलं. "माझं काही दुकान नाही. व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येतात, दिवाळीत पन्नास किलो चकली जाते. मला कशाला हवंय लायसन?"

ताई, लायसन तुम्हाला नकोच आहे. हवी आहे ती नोंदणी. 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्याचं कलम 31 छोट्या उत्पादकाला परवान्यातून सूट देतं, नोंदणीतून नाही. वर्षाची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेच्या आत असली (2024 मध्ये ती 12 लाख होती) की फॉर्म ए भरायचा, फोटो आणि ओळखपत्र जोडायचं, फी भरायची (2024 मध्ये वर्षाला 100 रुपये). फॉसकॉस या सरकारी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या (एफएसएसएआयच्या) पोर्टलवर घरबसल्या होतं, एजंटाची गरज नाही. उलाढाल म्हणजे विक्री बरं का, नफा नव्हे! आणि "मी काही फायदा घेत नाही, ओळखीतच देते" हेही चालत नाही. अन्न व्यवसायाच्या व्याख्येतच लिहिलंय, नफ्यासाठी असो वा नसो.

कागदाचं काम इतकंच. खरी गंमत कढईपाशी आणि पाकिटावर आहे.

पाकिटावर घटक लिहायचे ते वजनाच्या उतरत्या क्रमाने. जास्तीत जास्त असेल ते पहिलं. मी आयुष्यभर चिवडा अंदाजाने केलेला. लेबलसाठी पहिल्यांदा सगळं काट्यावर ठेवलं. पोहे पहिले, हे ठीक. दुसरे शेंगदाणे असतील असं मी छातीठोकपणे सांगत होते, तर निघालं तेल! दाणे, डाळं, खोबरं सगळं त्याच्या मागे. ते लेबल छापायला मला जिवावर आलं. मग फोडणीचं तेल कमी केलं, पोहे आधी कडकडीत उन्हात घातले, आणि तेल चौथ्या नंबरावर गेलं. दाण्यांचा उल्लेख मात्र ॲलर्जीच्या सूचनेत वेगळा करायचाच. करंजीत मैदा, खवा असेल तर गहू आणि दूध हेही तिथे. बाकी निव्वळ वजन, एमआरपी, पत्ता, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका आणि नोंदणीचा 14 अंकी क्रमांक, हे एकदा बसवलं की बसलं.

तारीख आणि बॅच नंबर, म्हणजे एका वेळी केलेल्या मालाचा क्रमांक, मात्र बसवून ठेवता येत नाहीत. पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला. स्वस्त पडतं म्हणून एकच स्टिकर छापलं, सगळ्यावर "एक महिना". चकलीला ते चाललं. पण ओल्या नारळाच्या करंज्यांवरही तेच! चौथ्या दिवशी एका गिऱ्हाइकाने फोटो पाठवला, वर पांढरी लव. ती बाई काही बोलली नाही, नुसता फोटो. पैसे परत केले, बॅच वहीत नव्हती म्हणून त्या दिवशीच्या सगळ्या गिऱ्हाइकांना एकेक फोन करत बसले. तेव्हा कळलं बॅच नंबर कशासाठी असतो ते.

आता तेल. तळून तळून तेलात जे बिघडलेले घटक साठतात, त्यांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही, हा नियम जुलै 2018 पासून आहे. घरी ते मोजायचं यंत्र कुठून आणणार? पण चकली टाकल्यावर फेस कढईच्या काठापर्यंत चढला आणि खाली बसेना, तेल काळपट, चिकट झालं, आच कमी असूनही धूर यायला लागला, की तो घाणा शेवटचा. त्यात नवं तेल ओतून "ताजं" करू नका.

आणि चकली झाऱ्यावरून उतरते कशावर? हसू नका, मीही कालच्या पेपरवरच काढायचे. वर्तमानपत्रात अन्न ठेवायला, गुंडाळायला नियमाने बंदी आहे, कारण छपाईची शाई गरम तेलात सुटते. स्टीलची जाळी घ्या, खाली ताट ठेवा.

कुणीतरी विचारतंय, मग तारीख ठरवायची कशी? मोठ्या मुदतीचा दावा करायचा तर प्रयोगशाळेतून तपासून घ्या. माझी पद्धत साधी आहे: प्रत्येक बॅचमधली चार पाकिटं विकायची नाहीत. स्वयंपाकघरातल्या उबदार कपाटात ठेवायची, आठवड्याला एक फोडायचं, वास घ्यायचा, चावून बघायचं, वहीत लिहायचं. पहिल्यांदा खवट लागलं त्याच्या बऱ्याच आधीची तारीख छापायची. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातली चकली आहे सध्या कपाटात. तिसरं पाकीट उद्या फोडायचंय.