नाकाची मोजणी आणि वंशाची समजूत

मंडळी, ‘वंश’ हा शब्द आपल्या घरातला आहे. वंशावळ, वंशवेल, वंशाचा दिवा. एका घराण्याची पिढ्यान्‌पिढ्यांची ओळ, एवढाच त्याचा अर्थ. माणसांचे आर्य, द्रविड, मंगोल असे मोठे गठ्ठे पाडून त्यांनाही ‘वंश’ म्हणायचं, ही सवय इंग्रजी अमलात लागली. शब्द जुनाच राहिला, त्यामुळे त्याच्या पोटात नवीन कल्पना शिरली हे कुणाला जाणवलं नाही. घराण्याची ओळ खरी असते, तेव्हा हा दुसरा वंशही तितकाच खरा असणार, असं आपण धरून चाललो. तो बनवला गेला आहे. ‘बनवला’ हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण ज्या हत्याराने बनवला ते हत्यार आणि त्याचा हिशेब दोन्ही आपल्याला तपासता येतात.

हत्यार म्हणजे कॅलिपर, दोन टोकांचा मापाचा चिमटा. दोन डोळ्यांच्या मधे कपाळाचं हाड नाकाच्या हाडाला जिथे मिळतं, तिथून नाकपुड्यांमधला पडदा वरच्या ओठाला टेकतो तिथपर्यंत नाकाची उंची घ्यायची. रुंदी नाकपुड्यांच्या बाहेरच्या कडांवर, चिमटा न दाबता. रुंदीला १०० ने गुणायचं, उंचीने भागायचं. ७० च्या आत आलं तर अरुंद नाक, ७० ते ८५ मध्यम, त्यापुढे रुंद. हर्बर्ट रिस्ले १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त होते. नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असा नियम त्यांनी मांडला आणि त्यावरून जाती म्हणजे वंशांच्या मिश्रणाच्या पायऱ्या आहेत, असं सांगितलं.

आता हिशेब करू. रुंदी ३६ मिलिमीटर, उंची ५०. उत्तर ७२, म्हणजे मध्यम नाक. पण तो वरचा सांधा जिवंत माणसाच्या कातडीखाली असतो, बोटाने चाचपून शोधावा लागतो. मोजणाऱ्याने तो २ मिलिमीटर वर धरला तर उंची ५२ होते आणि उत्तर ६९.२ येतं. तोच माणूस, तेच नाक, पण गट बदलला. सरावात मुरलेल्या हातालाही एवढी चूक होते. शिवाय वय वाढतं तसं नाक रुंदावतं. उष्ण आणि दमट हवेच्या मुलखात नाकाची सरासरी रुंदी जास्त आढळते, कारण थंड कोरडी हवा फुप्फुसात जाण्याआधी तापवून ओली करावी लागते आणि ते काम अरुंद नाक बरं करतं. म्हणजे मालवणचं नाक आणि पंजाबातलं नाक शेजारी ठेवलं की हवामानही मोजलं जातं. आणि सगळ्यात मोठी गफलत सरासरीची. दोन जातींच्या सरासरीत दोन-तीन अंकांचा फरक असतो, पण एकाच जातीतल्या माणसामाणसांत वीस-पंचवीस अंकांचा. सरासरी छापली की ही सगळी माणसं दिसेनाशी होतात.

गंमत म्हणून नव्हे, पुरावा म्हणून सांगतो: रिस्लेंच्या वर्गवारीत मराठी ब्राह्मण आणि कुणबी एकाच ‘शक-द्रविड’ खणात बसले होते. त्यांच्याच कोष्टकातून जातीची उतरंड निघत नव्हती.

हे आकडे उलटे वाचून दाखवले ते मालवणात जन्मलेल्या समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी, १९३२ च्या आपल्या ग्रंथात. उत्तर हिंदुस्थानात, म्हणजे त्या वेळच्या संयुक्त प्रांतात, जातीची पायरी आणि नाकाचं माप यांचा काही मेळ दिसतो. बाहेर, मुंबई इलाख्यातसुद्धा, तो टिकत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. पुढे १९४८ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घुर्ये यांनी दिलेली हीच मापं घेतली. अस्पृश्यतेचं मूळ वंशभेदात आहे का, हा त्यांचा प्रश्न. मोजमाप भरवशाचं मानायचं असेल तर त्याच मोजमापाने ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असं त्यांनी दाखवलं. एकाचं मूळ मालवण, दुसऱ्यांचं मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. इतर अनेक बाबतींत या दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, म्हणून तर या एका जागी त्यांचं एकमत होणं मला मोलाचं वाटतं.

तिसरं नाव इरावती कर्वे यांचं. दापोलीजवळच्या मुरुडच्या कर्वे घराण्याच्या सूनबाई. बर्लिनला त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर. युरोपीय माणसाची बुद्धी वरचढ, म्हणून त्याच्या कवटीच्या उजव्या-डाव्या बाजूंत फरक जास्त असणार, ही फिशर यांची धारणा. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. वंशाशी जुळणारा फरक सापडला नाही, आणि त्यांनी प्रबंधात तसंच लिहिलं. मार्गदर्शकाला नको असलेलं उत्तर परक्या देशात, विद्यार्थिनीने लिहून देणं सोपं नव्हतं.

कागदावरची ही समजूत पगारापर्यंत कशी पोचली, ते दापोलीइतकं दुसरीकडे क्वचितच दिसेल. मुंबईच्या फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते, त्यांतले कितीतरी रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतले. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्स सरसेनापती होते. ‘लढाऊ वंश’ ही कल्पना त्यांनी धोरणात उतरवली. काही लोक जन्मानेच शूर, बाकीचे नाहीत. १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली. कोरेगावच्या स्तंभावर ज्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांचे नातू लढाऊ नाहीत असं ठरलं.

भरती म्हणजे नुसता पगार नव्हता. पलटणीच्या शाळेत शिपायाच्या मुलांना शिकायला मिळत होतं. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ अशाच लष्करी शाळेत मुख्याध्यापक झाले. निवृत्तीनंतर पेन्शन होतं, आणि ते घेऊन गावकीबाहेर, दापोलीसारख्या कॅम्पात राहता येत होतं. भरती थांबली तशी ही सगळी वाट पुढच्या पिढीसाठी बुजली. महाडजवळच्या रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः पेन्शनर, या बंदीविरुद्ध अर्ज करणाऱ्यांत होते. त्यांच्या संस्थेचं नाव ‘अनार्य दोषपरिहारक मंडळी’. म्हणजे अन्यायाविरुद्ध उभं राहतानाही हातात शब्द आला तो वंशाचाच. ज्यांना खाली ढकललं त्यांनी तोच उलटा धरला. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली, १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट झाली. चोवीस वर्षांत एखादी जमात लढाऊ, मग बिगरलढाऊ, मग पुन्हा लढाऊ कशी होते? रक्त तर बदललेलं नसतं, गरज बदललेली असते.

अलिबाग-पेणकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन तट होते, त्यांच्यात बेटीव्यवहार नव्हता. हे शब्द कातडीच्या रंगाचे नव्हेत. दोन्ही आईबाप बेने इस्राएल म्हणून मानलेले ते गोरे; आई बाहेरच्या समाजातली मानलेले ते काळे. शेजारच्या जातींची रीत उचलून ती रंगाच्या नावाने पाळली.

खरा रंग कसा चालतो, तेही बघा. त्वचा उजळ करणाऱ्या एका जनुकात एकाच अक्षराचा फरक असतो. आई आणि वडील दोघांकडे त्या उजळ रूपाची एकेक प्रत असेल, तर प्रत्येक मुलाला दोन प्रती मिळण्याची शक्यता चारात एक, आणि एकही न मिळण्याची तितकीच. म्हणून एकाच आईच्या पोटची एक मुलगी गोरी, दुसरी सावळी. स्थळं बघताना त्या दोघींना मिळणारी वागणूक मात्र दोन वंशांची असते. १९७२ मध्ये जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी रक्तगट आणि प्रथिनांचा हिशेब केला, तेव्हा माणसांतला सुमारे ८५ टक्के फरक कुठल्याही एका समाजाच्या आतलाच निघाला. तथाकथित वंशावंशांतला जेमतेम ६ टक्के.

तरीही ही समजूत दवाखान्यात शिरली. मूत्रपिंडाच्या तपासणीत रक्तातल्या क्रिएटिनिन या टाकाऊ द्रव्यावरून गाळणक्षमता काढतात, अहवालात ती ईजीएफआर म्हणून छापलेली असते. २००९ च्या सूत्रात रुग्ण कृष्णवर्णीय असेल तर आलेलं उत्तर १.१५९ ने गुणायचं होतं. उत्तर १८ आलं तर गुणून २०.९ होतं. अमेरिकेत प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचे दिवस मोजायला २० किंवा त्याखाली यावं लागतं. म्हणजे रक्त तेच असूनही एकाचे दिवस मोजायला सुरुवात व्हायची, दुसऱ्याचे नाही. २०२१ मध्ये वंशाचा गुणक काढून नवं सूत्र आलं. आपल्याकडच्या अहवालात अनेकदा आकड्याखाली सूत्राचं नाव आणि साल बारीक अक्षरांत असतं. २००९ असेल तर प्रयोगशाळेला विचारा.

आणि जंजिऱ्याकडे जाऊन बघा. तिथे आफ्रिकेतले हबशी गुलाम म्हणूनही आले आणि राज्यकर्ते म्हणूनही नांदले, त्या भागाला लोक हबसाणच म्हणत. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घरांशी त्यांच्या सोयरिकी झाल्या. अशा घरातल्या माणसाचा अहवाल त्या जुन्या सूत्राने काढायचा झाला असता, तर गुणायचं की नाही, हे काउंटरवरच्या माणसाने त्याच्या तोंडाकडे बघूनच ठरवलं असतं.