सावळ्या रंगाचं गाणं

नमस्कार श्रोतेहो.

शर्मेन क्लॅमोर ही फिलिपिनो जॅझ गायिका. जन्म फिलिपिन्समधल्या सुबिकचा, राहते लॉस एंजेलिसला, आणि गाण्याच्या जोडीला फिजिओथेरपिस्टचं कामही करत आलेली. तिच्या पहिल्याच अल्बमचं नाव आहे ‘सर्चिंग फॉर द सोल’, म्हणजे आत्म्याचा शोध. पहिल्या अल्बमात कलाकार सहसा ‘मी आले’ असं सांगतो. ही म्हणते, मी शोधतेय. हा प्रामाणिकपणा मला फार भावला. म्हणून त्या शोधात पुढे तिला काय सापडलं, तेच आज सांगायचं आहे.

२००७ साली तिचा ‘फ्लिपिन आउट’ आला. त्यातलं एक गाणं आहे ‘माय फनी ब्राउन पिनाय’. पिनाय म्हणजे फिलिपिनो स्त्री. रॉजर्स आणि हार्ट या अमेरिकन संगीतकार-गीतकार जोडीचं १९३७ सालचं ‘माय फनी व्हॅलेंटाइन’ जॅझवाल्यांच्या ओठांवर असतं. शर्मेनने चाल तीच ठेवली आणि शब्द सावळ्या कातडीचे घातले. फिलिपिन्समध्ये गोरं करणारे पपईचे साबण दुकानोदुकानी मिळतात. त्या साबणावर वाढलेल्या मुलींना ती सांगते, तुझा रंग सुंदर आहे. विठ्ठलाला सावळा म्हणताना आपला ऊर भरून येतो, पण सून मात्र गोरी हवी असते. त्यामुळे हे गाणं मला परकं वाटलंच नाही.

आता चालीची गंमत ऐका. हार्मोनियमवर बसणाऱ्यांना ती लगेच कळेल. मूळ गाणं सुरू होतं मायनरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराच्या उदास सावलीत. शेवटी मात्र तो कोमल गंधारच नवा षड्ज होतो आणि गाणं मेजरमध्ये, म्हणजे शुद्ध गंधारात, उजळून थांबतं. फिलिपिन्सचा जुना प्रेमगीतांचा प्रकार आहे ‘कुंदिमान’. तीन मात्रांची संथ लय. तोही मायनरमध्ये विनवण्या करत सुरू होतो आणि पुढे मेजरमध्ये शिरतो. तिथे षड्ज जागचा हलत नाही, कोमल गंधार शुद्ध होतो. वाटा वेगळ्या, पण अंधारातून उजेडात येणं दोन्हीकडे आहे. जॅझ आणि फिलिपिनो गाणं यांच्या मिलाफाला शर्मेन ‘जॅझिपिनो’ म्हणते. हे नातं कानाला पटतं ते मला वाटतं इथेच.

‘फ्लिपिन आउट’नंतर पुढच्याच वर्षी ‘माय हराना’ हा अल्बम आला. हराना म्हणजे काय? गावाकडे रात्री तरुण मुलगा मित्रांना घेऊन, गिटार घेऊन मुलीच्या घराखाली उभा राहायचा आणि गायचा. मुलगी खिडकीत येई. मनात आलं तर वर बोलावणं होई. गायचं पुरुषाने, ऐकायचं बाईने, ही रीत. शर्मेन त्या रीतीतली गाणी स्वतःच्या गळ्यातून गाते. खिडकीतली बाई गाऊ लागली की तेच आर्जव किती वेगळं वाटतं!

तिचा आवाज भारदस्त आहे, खालच्या सुरांत विशेष खुलतो. घाई नाही, तानांची आतषबाजी नाही. ‘ब्राउन’ हा शब्द आला की तो मुद्दाम ऐका. आणि शक्य असेल तर रात्री ऐका, खिडकी उघडी ठेवून.