‘पाकीजा’ची गाणी आणि गुलाम मोहम्मद

(पडद्यावर: मुंबई सेंट्रल, मराठा मंदिर चित्रपटगृहाचा दर्शनी भाग, रस्त्यावरची वर्दळ)

४ फेब्रुवारी १९७२. मराठा मंदिरात ‘पाकीजा’चा पहिला खेळ झाला. या चित्रपटाचा मुहूर्त झाला होता १९५६ साली. मधल्या काळात दिग्दर्शक कमाल अमरोही आणि नायिका मीनाकुमारी, हे पतिपत्नी एकमेकांपासून दूर झाले, चित्रीकरण कित्येक वर्षं बंद पडलं, पुन्हा सुरू झालं. छायाचित्रकार जोसेफ विर्शिंग गेले. प्रदर्शनाला दोन महिने व्हायच्या आत, ३१ मार्चला, मीनाकुमारीही गेली.

तिची कहाणी आपण अनेकदा ऐकलेली असते. पण ज्याच्या चालींवर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याचं नाव फार कमी वेळा घेतलं जातं. संगीतकार गुलाम मोहम्मद. १७ मार्च १९६८ रोजी त्यांचं निधन झालं. आपली गाणी पडद्यावर आलेली त्यांनी पाहिलीच नाहीत.

(पडद्यावर: बिकानेरचं वाळवंट, मग ढोलकवर पडणारे हात)

गुलाम मोहम्मद बिकानेरचे. मुंबईला आले ते तबला आणि ढोलक वाजवणारे म्हणून. नौशाद यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. स्वतंत्रपणे काम मिळालं तेव्हा ‘परदेस’, ‘दिल-ए-नादान’ आणि १९५४चा ‘मिर्झा गालिब’ असे चित्रपट त्यांनी केले. गालिबच्या गझला सुरैयाच्या गळ्यातून त्यांनी अशा उतरवल्या, की आजही ‘दिल-ए-नादाँ’ म्हटलं की आधी त्यांचीच चाल आठवते. तरी त्यांची गणना पहिल्या फळीत कधी झाली नाही. ‘पाकीजा’ हे त्यांचं सर्वांत मोठं काम, आणि तेच अर्ध्यावर अडकून पडलं.

(गाण्याचा तुकडा: ‘इन्हीं लोगों ने’)

हे गाणं तसं जुनं. १९४१च्या ‘हिम्मत’मध्ये शमशाद बेगम यांनी ते गायलं होतं. ‘पाकीजा’त मजरूह सुलतानपुरी यांचे शब्द आहेत, लता मंगेशकरांचा आवाज आहे. तक्रार काय, तर या लोकांनी माझा दुपट्टा घेतला. खरं वाटत नसेल तर कापडवाल्याला विचारा, त्याने मोहरेला गज या भावाने तो दिला. रंगाऱ्याला विचारा, त्याने तो गुलाबी रंगवला. शिपायाला विचारा, त्याने तो भर बाजारात हिसकावला. दुपट्टा विकणारा, रंगवणारा, ओढून नेणारा, सगळे साक्षीदार हजर आहेत, आणि न्याय मात्र कुणाकडेच नाही. इतकी कडवी गोष्ट गुलाम मोहम्मद यांनी हसऱ्या, खेळत्या चालीत बांधली. कोठ्यावर गाणाऱ्या बाईला आपलं दुःख गिऱ्हाइकाला रिझवत रिझवतच सांगावं लागतं, हे त्या चालीला कळलेलं आहे.

हे गाणं आधी कृष्णधवल चित्रित झालं होतं. तरुण मीनाकुमारीचे ते तुकडे आजही पाहायला मिळतात. मग रंग आले, सिनेमास्कोप आला, आणि अमरोहींनी ते पुन्हा चित्रित केलं. साहिबजान, म्हणजे मीनाकुमारीने रंगवलेली कोठ्यावरची नायिका, पुढे नाचते आहे आणि मागे सज्जासज्जांतून दुसऱ्या कितीतरी मुली नाचताहेत. एकेका सज्जात एकेक साहिबजान. पुढच्या वेळी हे गाणं पाहाल तेव्हा मीनाकुमारीवरून नजर काढून थोडा वेळ त्या मागच्या सज्जांकडे पाहा.

(गाण्याचा तुकडा: ‘ठाडे रहियो’ची सुरुवात)

माझ्या मते चित्रपटातल्या सहा गाण्यांतलं सर्वांत उंच गाणं हे. चाल राजस्थानच्या मांड रागातली. बिकानेरच्या माणसाला तो शिकावा लागला नसणार, तो त्याच्या कानांत लहानपणापासूनच असणार. सुरुवातीला चांदण्या रात्रीच्या ओळी ठेक्याशिवाय, मोकळ्या. लताबाई शब्द हवेत सोडतात. मग संथ लयीत मुखडा येतो, थांब रे माझ्या राजसा. आणि एकदा का काजळ, गजरा, सोळा शृंगार यांची गोष्ट सुरू झाली, की लय पकडते ती पकडतेच. थांबायला सांगणारीच्या मनाची घाई आता तालात उतरलेली असते. शब्द म्हणतात थांब, ताल म्हणतो चल. ज्याने आयुष्यभर तबला-ढोलक वाजवली, त्यालाच हे असं सुचतं.

(गाण्याचा तुकडा: ‘चलते चलते’)

कैफी आझमींचं ‘चलते चलते’ कुणाला ठाऊक नाही? रेल्वेच्या डब्यात एक अनोळखी माणूस झोपलेल्या साहिबजानचे पाय पाहतो, त्यांच्यापाशी एक चिठ्ठी ठेवून निघून जातो. पुढे कोठ्यावर गाताना ती त्याच भेटीबद्दल गाते, ऐकणाऱ्यांना वाटतं गझल चालली आहे. गाण्याच्या शेवटी दुरून आगगाडीची शिटी येते आणि गाणं तिथेच विरतं. ही शिटी मग चित्रपटभर तिचा पिच्छा पुरवते.

‘मौसम है आशिकाना’चे शब्द स्वतः कमाल अमरोहींचे. कोठा सुटला आहे, झुंबरं नाहीत, घुंगरू नाहीत, फक्त मोकळं रान आणि एक तंबू. बाकीच्या गाण्यांत सतत कुणीतरी बसून ऐकत असतं. इथे कुणीच नाही, ती स्वतःसाठी गाते. म्हणून चालही वेगळी, वाऱ्यासारखी सैल. ‘चलो दिलदार चलो’मध्ये लताबाईंच्या जोडीला मोहम्मद रफी येतात. सहांतलं हे एकमेव युगुलगीत. ते आणि ‘तीर-ए-नजर’ ही दोन्ही कैफ भोपाली यांची.

(पडद्यावर: पांढऱ्या बैठकीवर उमटलेली लाल पावलं)

‘तीर-ए-नजर’ सलीमच्या, म्हणजे रेल्वेत चिठ्ठी ठेवून गेलेल्या त्याच माणसाच्या, लग्नातलं. साहिबजान फुटलेल्या काचांवर नाचते. मीनाकुमारीची प्रकृती तोवर पार ढासळली होती, नाच पद्मा खन्ना यांनी केला. चेहरा एकीचा, पाय दुसरीचे, आवाज तिसरीचा, आणि चाल अशा माणसाची की जो चार वर्षांपूर्वीच हे जग सोडून गेला होता.

आता १९७२ सालचा बाजार आठवून पाहा. ‘आराधना’नंतर किशोरकुमारची लाट होती, राहुलदेव बर्मन यांचा नवा आवाज तरुणांना भुरळ घालत होता. अशा वेळी मुजऱ्याची, जुन्या वळणाची गाणी घेऊन येणं म्हणजे मोठा धोका. आजच्या काळातला संगीतकार घ्या, गाणी बदला, असे सल्ले अमरोहींना मिळाले. ते बधले नाहीत. त्या माणसाच्या एकाही गाण्याला त्यांनी हात लावू दिला नाही. आपल्या चित्रपटसृष्टीत मेलेल्या माणसाला दिलेला शब्द इतक्या निष्ठेने पाळल्याची उदाहरणं फार नाहीत, आणि मला त्याचं अपार मोल वाटतं.

उरलेलं पार्श्वसंगीत नौशाद यांनी केलं. ज्यांच्या हाताखाली गुलाम मोहम्मद राबले, त्यांनीच आपल्या साहाय्यकाचं राहिलेलं काम पुरं केलं. त्यांनी परवीन सुलताना, राजकुमारी, वाणी जयराम यांच्याकडून ठुमऱ्या गाऊन घेतल्या. प्रसंगांच्या मागे त्या हलकेच वाहत राहतात, आणि कोठ्याच्या गल्लीत दर खिडकीत कुणीतरी गातंय असं वाटत राहतं.

(पडद्यावर: ‘पाकीजा’च्या ध्वनिमुद्रिकेचं वेष्टन)

त्या वर्षीचा संगीताचा फिल्मफेअर पुरस्कार ‘बेईमान’साठी शंकर-जयकिशन यांना मिळाला. ‘बेईमान’मध्येच काम केलेल्या प्राण यांना सहायक अभिनेत्याचा पुरस्कार जाहीर झाला होता. ‘पाकीजा’च्या संगीताला डावललं म्हणून त्यांनी आपला पुरस्कार नाकारला. स्वतःच्या चित्रपटाला मिळालेल्या मानाविरुद्ध, हयात नसलेल्या एका संगीतकारासाठी, एक नट उभा राहिला.

गुलाम मोहम्मद यांनी ‘पाकीजा’साठी याहूनही बरीच गाणी बांधली होती. चित्रपटात त्यांना जागा मिळाली नाही. १९७७ साली एचएमव्हीने त्यांतली काही ‘पाकीजा रंग बरंग’ या नावाने ध्वनिमुद्रिकेवर आणली. तिच्यात लताबाईंचं ‘प्यारे बाबुल’ आहे. सहा गाणी पाठ असतील तर आता ही ऐका. चित्र नाही, झुंबरं नाहीत, मीनाकुमारी नाही. फक्त गुलाम मोहम्मद यांच्या चाली आहेत, आणि त्या एकट्याने उभ्या राहतात.

(गाण्याचा तुकडा: ‘प्यारे बाबुल’. श्रेयनामावली.)