मासा खाईना झालाय

बसा, बसा. पुढच्या खुर्च्या भरा, मला ओरडून बोलायला जमत नाही. आणि ज्यांनी बाटलीतून माशांच्या टँकचं पाणी आणलंय त्यांनी बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवू नका. शेवटी लागणार आहे ती.

मला आठवड्यातून दोन-तीन तरी फोन येतात आणि सुरुवात ठरलेली. "काका, मासा खाईना झालाय." किती दिवस? "चार दिवस झाले." मग तुम्ही काय केलं? इथं सगळ्यांची गोष्ट एकच. दाणे टाकले, खाल्ले नाहीत. दुसऱ्या कंपनीचे आणले, तेही नाही. मग ब्लडवर्म, त्या लाल अळ्या. मग कुणीतरी सांगितलं म्हणून चिकनची कलेजी. आपण कोल्हापूरची माणसं. पाहुणा नको नको म्हणाला की त्याच्या वाटीत आणखी एक पळी रस्सा ओतल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. माशाचंही तेच करतो. पण पाहुणा हात धुऊन उठू तरी शकतो. मासा त्या रश्श्यातच राहतो.

तेव्हा फोनवर माझं पहिलं वाक्य असतं, आजपासून खाणं बंद. समोरचा गप्प होतो. त्याला वाटतं म्हातारा चळला.

आपण खातो त्यातला मोठा वाटा अंग गरम ठेवण्यात जातो. मासा पाण्याइतकाच गार, त्याला तो खर्चच नाही. पूर्ण वाढलेला धडधाकट मासा आठ-दहा दिवस उपाशी राहिला तर त्याचं काही बिघडत नाही. पिल्लांची गोष्ट वेगळी, त्यांना दिवसातून तीन-चारदा लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा शहरात शिरली, तेव्हा आमच्या घरात पाणी आलं नाही, पण लाइट गेली आणि नळही कोरडे पडले. मी पहिल्याच दिवशी माशांचं खाणं बंद केलं. फिल्टर बंद, म्हणजे घाण काढणारं कुणी नाही, तर मग घाण करायचीच कशाला? दिवसातून पाच-सहा वेळा तांब्यानं टँकचंच पाणी उचलायचं आणि वरून ओतायचं, हवा मिसळावी म्हणून. सहा दिवस हेच. एकही मासा गेला नाही. आमच्या ओळखीतल्या एकानं "बिचारी घाबरलीत" म्हणून दोन्ही वेळा पोटभर घातलं. तिसऱ्या दिवशी त्याचे मासे उलटे तरंगत होते.

न खाल्लेला दाणा तळाशी कुजतो आणि त्याचा अमोनिया होतो. मासा स्वतःही कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. फिल्टरच्या स्पंजात जिवाणू राहतात, त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट विषारी, नायट्रेट बऱ्यापैकी निरुपद्रवी, पाणी बदललं की जातं. ही वस्ती बसायला नव्या टँकमध्ये चार ते सहा आठवडे लागतात. आपण रविवारी टँक आणतो, रविवारीच मासे सोडतो, आणि पुढच्या रविवारी फोन करतो. अमोनियानं कल्ले जळायला लागले की माशाची भूक आधी जाते, रंग नंतर उतरतो. म्हणजे मासा खात नाही ही तक्रार बहुतेक वेळा पाण्याची असते.

यात एक खोच आहे. अमोनिया तेवढाच असला तरी पाणी कसं आहे त्यावर त्याचं विष ठरतं. पीएच म्हणजे पाणी आंबट की खारं ते सांगणारा आकडा. २५ अंशांना, पीएच ७ असेल तर त्यातला जेमतेम अर्धा टक्का जहाल रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच पाच टक्क्यांवर जातो. दहापट! तेव्हा बोअरचं जड, चढ्या पीएचचं पाणी वापरणाऱ्यांनी शेजाऱ्याच्या नळाच्या पाण्याशी तुलना करू नये. "त्याचे जगतात, माझेच का मरतात", तर म्हणून.

आता माझाच शहाणपणा सांगतो. माझ्याकडे चार फुटी टँकमध्ये ऑस्कर जातीचा मासा होता, वीतभर लांब, हातातून दाणा घेणारा. दिवाळीची साफसफाई निघाली. भांडी घासली, पंखे पुसले, आणि मला काय सुचलं, फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली धरला. इतका धुतला, इतका पिळला की नव्यासारखा पिवळाधमक झाला. नळाच्या पाण्यात क्लोरीन. वर्षभराची जिवाणूंची वस्ती मी दोन मिनिटांत गटारीत सोडली आणि वर बायकोला दाखवलं, बघ कसा स्वच्छ केलाय. तिसऱ्या दिवशी ऑस्कर कोपऱ्यात तोंड खाली करून बसला. वीस वर्षं मासे पाळणारा मी, मी काय केलं असेल? दाणे टाकले. परत टाकले. पाणी काचेसारखं दिसत होतं हो! अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. पाचव्या दिवशी टेस्ट किट काढलं, नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं, ते हिरवंगार.

मग जे करायचं ते केलं. रोज चौथा हिस्सा पाणी बदललं, क्लोरीन मारायचे थेंब टाकून आणि टँकच्या पाण्याशी ऊब जुळवून. मित्राच्या जुन्या टँकमधला मळकट स्पंज मागून आणला आणि माझ्या फिल्टरात कोंबला. लाइट बंद, काचेला पेपर. नायट्राइट चढलं तेव्हा लिटरला एक ग्रॅम या हिशोबानं खडे मीठ विरघळवून घातलं, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांशी नायट्राइटला वाट देत नाही. खाणं शून्य. अकराव्या दिवशी तो काचेशी आला आणि माझ्या बोटाकडं बघायला लागला. एकच दाणा दिला. घेतला. दुसरा दिला नाही. त्या दिवशी न द्यायला जितकं जड गेलं तितकं आधीचे दहा दिवस गेलं नव्हतं.

स्पंज धुवायचा तर पाणी बदलताना बादलीत काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनदा पिळायचा. मळका दिसला तरी मळकाच ठेवायचा.

डिसेंबरात फोन वाढतात, ते थंडीमुळं. आपल्याकडं रात्री पारा १४-१५ पर्यंत उतरतो, घरातला टँक पहाटे २० च्या आसपास जातो. ऑस्कर, डिस्कस, फायटर ही उष्ण मुलखातली मंडळी, त्यांची पचनशक्तीच मंदावते. हीटर लावा, पण दिवसाला एक-दोन अंशांनीच चढवा. गोल्डफिशला गारवा चालतो, त्याला हीटरची गरज नाही.

आता पाणी ठीक, ऊब ठीक, तरी खात नाही. मग खाली बसा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. खाणं बघून मासा येतो, तोंडात घेतो आणि थुंकतो, तर त्याला भूक आहे, अडचण तोंडात आहे. एका मुलीनं तिचा गोल्डफिश आणला होता, प्लास्टिकच्या डब्यात. तोंड उघडंच, मिटेना. टॉर्च मारला तर आत वाटाण्याएवढा खडा आडवा अडकलेला. गोल्डफिश वाळू तोंडात घेऊन चाळतो, तशात बसला. ओल्या कापडात धरून, तोंड खाली करून, गळ्याखाली हलकेच दाबला आणि खडा टप्पकन डब्यात पडला. संध्याकाळी खायला लागला. तळाचे खडे एकतर तोंडात मावणार नाहीत इतके मोठे घ्या, नाहीतर बारीक वाळू.

मलावी सिक्लिड जातीच्या माशाची मादी खात नसेल आणि हनुवटी फुगलेली दिसत असेल तर औषधाला हात लावू नका. तोंडात अंडी आहेत तिच्या. तीन आठवडे ती खाणार नाही. गेल्या वर्षी एकानं सूज समजून तिला निळं औषध दिलं, तिनं सगळी अंडी टाकून दिली.

पोट खपाटीला गेलंय, शी पांढरी आणि दोऱ्यासारखी, तर आतड्यात परजीवी असण्याची शक्यता. त्याचं औषध खाण्यातून दिलं तरच नीट लागू पडतं, आणि मासा खात नाही हाच तर रोग! म्हणून पहिला दाणा नाकारल्यापासून शीकडं बघत जा, खाणं पूर्ण बंद व्हायच्या आत पशुवैद्यकाला विचारा. अंग फुगून खवले उभे राहिले असतील तर खरं सांगतो, फार थोडे वाचतात.

भूक परत आली की ब्लडवर्म किंवा डॅफ्निया, म्हणजे पाण्यातले बारीक किडे, चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल एवढंच, उरलं तर सायफनच्या नळीनं लगेच ओढून काढा. गटारीतले जिवंत ट्यूबिफेक्स, ते दोऱ्यासारखे किडे, नकोत, रोग घेऊन येतात. गोल्डफिशला जठर नसतं. दाणे खाऊन पोट अडलं असेल तर मटारचा दाणा उकडून, साल काढून, कुस्करून द्या. चपातीचा चुरा कुणालाच नको. हो आजी, साजूक तुपातली असली तरी नको.

चला, बाटल्या घेऊन पुढं या. झाकणावर नाव लिहिलंय ना? रांगेनं या, एका नळीला पाच मिनिटं लागतात. आणि कुणी टँकऐवजी घरच्या नळाचं पाणी आणलं असेल तर तेही द्या, ते मला आधी बघायचंय.