चाऱ्यातून दुधात: कमी मात्रेचा किरणोत्सार आणि दुभती जनावरे

[दृश्य: इंदूरहून महूकडे जाणाऱ्या रस्त्यालगतचा गोठा. म्हैस गव्हाच्या भुशात कालवलेली सरकीची पेंड खात आहे.]

ही म्हैस जन्मापासून किरणोत्साराच्या सान्निध्यात आहे. तिच्या शरीरात पोटॅशियम-४० हे पोटॅशियमचे नैसर्गिक किरणोत्सारी समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा अणू) असते, आणि त्यामुळे तिच्या लिटरभर दुधात दर सेकंदाला सुमारे ५० अणूंचे विघटन होत असते. माळव्याच्या काळ्या मातीखालच्या बसाल्टमध्ये युरेनियम व थोरियम अत्यल्प असल्याने, केरळच्या मोनाझाइट या थोरियमयुक्त खनिजाच्या किनाऱ्याच्या मानाने येथे जमिनीतून मिळणारी किरणोत्साराची मात्रा बरीच कमी आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्र या संशोधन संस्थेतील इंडस-२ या यंत्रातून किरणोत्सार पसरतो का, अशी शंका येणे स्वाभाविक आहे; परंतु ते इलेक्ट्रॉन फिरवणारे त्वरक यंत्र आहे, तेथे अणुभट्टीप्रमाणे युरेनियमचे विखंडन होत नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखालील गुणसूत्रे]

सुमारे १०० मिलिग्रेपर्यंतच्या (मिलिग्रे हे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणोत्साराचे एकक) मात्रेला कमी मात्रा म्हणतात. एवढ्याने जनावराचे केस गळत नाहीत किंवा दूध आटत नाही. डीएनएचे धागे मात्र तुटतात. पेशी बहुतेक तुटी सांधते, पण कधी चुकीची टोके जुळतात आणि दोन सेंट्रोमिअर (गुणसूत्रावरचा आवळलेला भाग, जो एरवी एकच असतो) असलेले गुणसूत्र तयार होते. रक्तातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींत ते दिसू शकते, एरवी जनावर धडधाकट असते. कर्करोग होण्यास वर्षे लागतात, आणि मांसासाठी पाळलेली जनावरे तेवढी जगतच नाहीत. म्हणूनच केवळ कळप ठणठणीत दिसतो एवढ्यावरून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते.

[दृश्य: कुरण, चरणाऱ्या गाई]

२६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटल्यानंतर त्यातून बाहेर पडलेले किरणोत्सारी आयोडिन-१३१ गवतावर बसले. गाय दिवसभरात पुष्कळ मोठ्या क्षेत्रावरचे गवत खाते, त्यामुळे पातळ पसरलेले आयोडिन तिच्या पोटात एकवटते आणि दिवसा-दोन दिवसांत दुधात उतरते. ते दूध प्यायलेल्या अनेक मुलांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. या आयोडिनचा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित होण्यास लागणारा काळ) ८ दिवसांचा असल्याने हे संकट काही महिन्यांत ओसरते. त्याच अपघातात बाहेर पडलेल्या सीझियम-१३७ चा अर्धायुकाल मात्र ३० वर्षांचा आहे. ब्रिटनमधील वेल्सच्या डोंगराळ, कुजलेल्या वनस्पतींनी भरलेल्या मातीत चिकणमातीचे कण कमी असल्याने सीझियम बांधले गेले नाही, गवत ते शोषत राहिले, आणि तेथील मेंढ्यांवरचे निर्बंध २०१२ मध्येच पूर्णपणे उठले.

तरीही जनावराच्या शरीरातले सीझियम टिकून राहत नाही. स्वच्छ चारा दिल्यास मेंढीच्या मांसातले प्रमाण काही आठवड्यांत निम्म्याहून कमी होते. प्रशियन ब्लू हे निळे रंगद्रव्य खाऊ घातल्यास सीझियम आतड्यातच अडकून शेणावाटे जाते. अपघाताची बातमी येताच जनावरे गोठ्यात बांधायची आणि झाकलेली वैरण घालायची, हा उपाय सर्वांत सोपा आहे. फुकुशिमाच्या अपघातानंतर उघड्या शेतात राहिलेला भाताचा पेंढा गुरांना घातला गेला, आणि जुलै २०११ मध्ये त्या गुरांच्या मांसात मर्यादेपेक्षा अधिक सीझियम आढळले.