मार्गारेटबाईंचं घर

(दृश्य: पहाट. मुंबईचं बंदर, ओहोटी लागलेली. एका बोटीतून माणसं उतरताहेत.)

११ फेब्रुवारी १८१३. याच बंदरात वर्षभराच्या प्रवासानंतर तिघं जण उतरले. गॉर्डन हॉल, सॅम्युएल नॉट आणि नॉट यांच्या पत्नी रोक्साना. अमेरिकेतून आलेले मिशनरी. कंपनी सरकारला ते इथे नकोच होते.

आमच्या ख्रिस्ती घरांमध्ये एक शब्द फार जपून वापरतात. पाचारण. अमक्याला पाचारण झालं, असं आजी सांगायची तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली यायचा. देवाने नाव घेऊन हाक मारली, आता त्याला राहवणार नाही, असा त्याचा अर्थ. लहानपणी मला वाटायचं, ही हाक एकट्या माणसाला येते. हॉल आणि पुढे त्यांच्या पत्नी झालेल्या मार्गारेट यांची हकिगत वाचली आणि कळलं, की गाठोडं सगळ्या घराचं बांधलं जातं.

(दृश्य: बर्फाने झाकलेलं जुनं गाव. प्रार्थनामंदिराचा लाकडी दरवाजा.)

मॅसॅच्युसेट्समधलं सेलम. ६ फेब्रुवारी १८१२. टॅबर्नॅकल चर्चमध्ये पाच तरुणांना मिशनरी म्हणून दीक्षा मिळणार होती. जडसन, नॉट, न्यूएल, हॉल आणि राईस. पाचही जण एकाच बाकावर शेजारी शेजारी बसले होते. हॉल तेव्हा सत्तावीस वर्षांचे. कनेक्टिकटमधल्या एका चर्चच्या मंडळीने त्यांना पाळक, म्हणजे आपला धर्मगुरू म्हणून बोलावलं होतं. घर, पगार, ओळखीची माणसं, सगळं तयार होतं. त्यांनी नकार दिला. परमुलखात उपयोगी पडेल म्हणून ते वैद्यकाचे धडेही घेऊन आले. हे लक्षात ठेवा, पुढे याचीच आठवण होणार आहे.

त्या बाकाचं चित्र मी कितीदा पाहिलं असेल. पण नजर जाते ती चित्रात नसलेल्या बायकांकडे. सॅम्युएल न्यूएल यांची पत्नी हॅरिएट अवघी अठरा वर्षांची होती. कलकत्त्याला पोचल्यावर कंपनीने यांना परत जायला फर्मावलं, म्हणून न्यूएल जोडपं मॉरिशसच्या वाटेला लागलं. वाटेत जहाजावरच हॅरिएट बाळंत झाली. मुलगी पाच दिवस जगली. मॉरिशसला पोचल्यावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी हॅरिएटही गेली. वय एकोणीस. ज्या मुलखासाठी घर सोडलं, तिथे तिला काम करायला एक दिवसही मिळाला नाही.

मुंबईतही सुखाचं नव्हतं. इथले गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांना या लोकांबद्दल सहानुभूती होती, पण वरून हुकूम होता, यांना इंग्लंडला रवाना करा. तेव्हा हॉल आणि नॉट गुपचूप एका गलबतात बसून सिलोनकडे, म्हणजे आजच्या श्रीलंकेकडे निघाले. रोक्सानाबाई तान्ह्या बाळासह मुंबईतच मागे राहिल्या. नवरा कुठल्या समुद्रात आहे, पकडला गेला की सुटला, काहीच कळायला मार्ग नाही. कोचीनला दोघांना अडवलं आणि मुंबईला परत आणलं. हॉल यांनी गव्हर्नरना पत्र लिहून सदसद्विवेकाच्या नावाने विनंती केली. त्याच वर्षी विलायतेत कंपनीची सनद बदलली, तिने मिशनऱ्यांना वाट मोकळी झाली, आणि अखेर त्यांना राहू दिलं. नॉट यांची प्रकृती मात्र टिकली नाही. १८१५ मध्ये ते जोडपं परत गेलं.

(दृश्य: छापखान्यातले शिशाचे देवनागरी खिळे. एक हात एकेक खिळा उचलून ओळ लावतो आहे.)

डिसेंबर १८१६ मध्ये हॉल यांनी मुंबईतच लग्न केलं. मार्गारेट लुईस या इंग्रज स्त्रीशी. म्हणजे मार्गारेटबाईंचा संसारच मिशनमध्ये सुरू झाला. त्याच सुमारास छापखाना आला आणि १८१७ पासून मराठी छपाई सुरू झाली. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरी यांनी १८११ मध्येच बायबलचा नवा करार मराठीत छापला होता. पण ती मराठी इकडच्या कानाला ओळखीची वाटेना. म्हणून यांनी नव्याने भाषांतर हाती घेतलं. हॉल बाजारात, देवळांच्या आवारात उभे राहून मराठीत बोलत. लोक ऐकत, वाद घालत, निघून जात. बाप्तिस्म्यांच्या आकड्यावर त्यांचं काम जोखायला गेलात, तर हाती फारसं काही लागणार नाही.

शाळांचं वेगळं. त्या मराठी शाळांमध्ये कोकणातून आलेल्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची मुलं शिकली आणि त्यांच्यातलेच काही तिथे मास्तर झाले. १८२४ मध्ये या मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. अशा कामांत मिशनऱ्यांच्या बायका पुढे असत, जुन्या अहवालांत त्यांची नावं मात्र शोधावी लागतात. मला त्याचं वाईट वाटतं, म्हणूनच या चित्रफितीला मार्गारेटबाईंचं नाव दिलं आहे.

मुंबईची हवा मुलांना मानवत नव्हती. १८२५ मध्ये ठरलं, की मार्गारेटबाईंनी दोन्ही मुलांना घेऊन अमेरिकेला जावं आणि हॉल यांनी इथेच थांबावं, कारण काम सोडून जाणं त्यांना शक्य वाटत नव्हतं. बाई निघाल्या त्या नवऱ्याच्या देशात, जो त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्या प्रवासात दोघांतला एक मुलगा दगावला. त्याला समुद्रातच निरोप द्यावा लागला.

(दृश्य: घाटातली वाट. उन्हाळ्याची चाहूल. पडक्या देवळाची ओसरी.)

मार्च १८२६. हॉल नाशिकला गेले, तर गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ. बरोबरची औषधं त्यांनी रोग्यांना वाटायला सुरुवात केली, ती संपेपर्यंत. मग परत फिरले. १९ तारखेच्या रात्री वाटेतल्या एका खेड्यात देवळाच्या ओसरीवर त्यांनी चटई टाकली. तिथे आधीच दोन आजारी माणसं पडलेली होती, त्यांतलं एक मेलेलं. पहाटे पटकीने हॉलनाच गाठलं. थैलीत औषध उरलं नव्हतं. सोबतच्या दोन तरुणांना त्यांनी शांतपणे सांगितलं, की मी आता वाचणार नाही. देवाचा गौरव असो, असं म्हणत आठएक तासांत ते गेले. एकेचाळीस वर्षांचे होते. शवपेटी कुठून मिळणार? त्या दोघांनीच खड्डा खणला आणि त्यांना मातीआड केलं.

ज्या नव्या करारासाठी ते खपले, तो त्याच वर्षी मराठीत छापून झाला.

पुढच्या वर्षी सिंथिया फरारबाई मुंबईला आल्या. एकट्या, अविवाहित. १८३१ च्या अखेरीस मिशन घाट चढून अहमदनगरला गेलं. आज त्या शहराला अहिल्यानगर म्हणतात. नगरच्या मुलींच्या शाळेत फरारबाई १८६२ मध्ये मरेपर्यंत शिकवत होत्या. सावित्रीबाई फुले अध्यापनाचे धडे घ्यायला नगरला गेल्या, त्या याच फरारबाईंकडे.

(दृश्य: टेबलावर एक घडी घातलेलं पत्र. खिडकीबाहेर बर्फ.)

त्या काळी मुंबईचं पत्र अमेरिकेला पोचायला महिने लागत. म्हणजे नवरा गेल्यानंतरही कितीतरी दिवस मार्गारेटबाई त्याच्यासाठी प्रार्थना करत असणार. बरं आहे ना, नाशिकला जाऊन आलास ना, असं काहीबाही पत्रात लिहीत असणार. शेजारी उरलेला एकटा मुलगा, बापाचंच नाव लावलेला, छोटा गॉर्डन. मोठा होऊन तो मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थहॅम्प्टनला पाळक झाला. त्याचा जन्म मुंबईचा.