पिशवीत मावलेलं पंपिंग स्टेशन

(पितळी कडेची गोल तबकडी, अगदी जवळून. आवाज नाही.)

घड्याळ वाटलं ना? वेळ नाही, हा गेज, म्हणजे दाबमापक, वाफेचा दाब सांगायचा.

इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमजवळ पॅपलविकचं पंपिंग स्टेशन 1884 साली तयार झालं. जेम्स वॉट अँड कंपनीची दोन बीम इंजिनं, म्हणजे झुलत्या तुळईची वाफेची इंजिनं, आणि वाफ तयार करायला सहा लँकेशायर बॉयलर. एकेक इंजिन वालुकाश्मातलं पाणी उपसून दिवसाला 15 लाख गॅलन शहराकडे ढकलायचं. 1969 मध्ये ते थांबलं. विजेचे पंप आले. पॅपलविकचं नशीब थोर, यंत्रं जागेवर राहिली. बाकी कित्येक ठिकाणी इंजिनं तोडून वजनावर गेली. इंजिन कोण घरी नेणार? गेज मात्र पिशवीत मावतो.

(मागची बाजू उघडलेली.)

आत एक वाकवलेली, चपटी नळी. बस्स. पॅरिसच्या यूजेन बूर्दोंकडे एक वेटोळी नळी बनवताना चेपली. ती फुगवून गोल करावी म्हणून त्याने आत दाबाने पाणी भरलं, तर वेटोळंच उलगडायला लागलं! चूक निस्तरता निस्तरता गेज सापडला. 1849 मध्ये पेटंट. त्याआधी पाऱ्याची नळी असायची. चौरस इंचावरच्या एका पौंड दाबाला दोन इंच पारा चढायचा. शंभर पौंडांसाठी नळी जवळजवळ 17 फुटांची!

आता तबकडी वाचू. पौंडांचे आकडे आणि एक लाल रेघ: हा बॉयलरवरचा, रेघेपलीकडे काटा जाऊ द्यायचा नाही. आकडे पाऱ्याच्या 30 इंचांपर्यंतच? मग वापरलेली वाफ थंड करणाऱ्या कंडेन्सरचा, निर्वात मोजणारा. आणि फूट लिहिलेले असतील तर वाफेचा संबंधच नाही. तो पाण्याच्या बाजूचा. टेकडीवरच्या टाकीपर्यंतची उंचीच त्यावर उमटते. मला सगळ्यात हाच आवडतो.

(काटा शून्याच्या थोडा पुढे अडकलेला.)

हा शून्यावर येत नाही. नळी कधीतरी सोसवेल त्याहून जास्त ताणली गेली असावी. चकचकीत पॉलिश करा, पण पुन्हा वाफेवर लावू नका.

आणि एक वस्तू बहुतेक वेळा गेजसोबत येतच नाही: त्याच्याखालची वळसा घातलेली नळी. तिच्यात थोडं पाणी साचून राहायचं, म्हणून तापलेली वाफ गेजच्या आत शिरत नसे. ती पाइपाबरोबर भंगारात गेलेली असते.